जो रायडर तुझ्याकडे बघत नाही, त्याचा फोटो काढ

ताई, नमस्कार. मी २६ वर्षांचा आहे. हिंगण्याला राहतो, बुटीबोरी एमआयडीसीत क्वालिटी विभागात नोकरी करतो. गाड्यांचं वेड शाळेपासूनचं. स्वतःच्या पगारातून ३९० सीसीची गाडी घेतली आणि रविवारी पहाटे ग्रुपसोबत रामटेक, देवलापार, कधी चिखलदरा असं जाणं असतं. एकदा डर्ट रेस बघितली आणि तेव्हापासून रेसिंगचे फोटो काढायचे एवढंच डोक्यात आहे. नोकरी सोडून पूर्णवेळ हेच करावं का? १५०-६०० मिलिमीटरची लांब लेन्स घ्यायला गाडी विकावी का? बाबा म्हणतात, फटफट्यांचे फोटो काढून कोणाचं घर चाललं? आई तर मी गाडी घेऊन गेलो की परत येईपर्यंत झोपत नाही. सध्या थोडे पैसे आउटर रिंगरोडवरच्या रात्रीच्या शूटमधून मिळतात. पोरं व्हीली मारतात, म्हणजे पुढचं चाक उचलून गाडी पळवतात, मी रील काढून देतो. मागच्या महिन्यात एक जण पडला, त्याची कॉलरबोन मोडली. ती क्लिप माझ्याकडे आहे, सगळे मागत आहेत. टाकली तर फॉलोअर्स भरपूर वाढतील. तुम्ही काय म्हणाल? आणि रेसचा मीडिया पास मागताना मी स्वतः रायडर आहे हे लिहावं की लपवावं?
रायडर, हिंगणा

प्रिय रायडर,

नोकरी, लेन्स आणि बाबा या तिन्हींबद्दल तू मोकळेपणाने विचारलंस आणि रिंगरोडचं मात्र चार ओळींत उरकलंस. मी तिथूनच सुरुवात करते, कारण तुझ्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्यात अडकली आहेत.

ते रात्रीचं शूट बंद कर. कमी कर असं म्हणत नाहीये, बंदच कर. ग्रुपवर आजच लिही की यापुढे मला बोलावू नका.

कायद्याचं आधी सांगून टाकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. धोकादायक पद्धतीने गाडी चालवण्याचं कलम आणखी वेगळं. ग्रुपमधलं कोणी शिवमडक्याकडून समृद्धी महामार्गावर चढायची कल्पना काढत असेल, तर तिथे दुचाकीला मुळात प्रवेशच नाही. तू गाडीवर नव्हतास, कॅमेऱ्यामागे होतास, या भरवशावर राहू नकोस. वेळ, जागा, नंबरप्लेट, चेहरा, सगळं तुझ्याच कार्डावर आहे.

पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. तू रस्त्याच्या कडेला लाइट लावतोस, कॅमेरा हातात घेतोस, आणि त्या क्षणापासून गाडीवरचा पोरगा रस्त्याकडे कमी आणि तुझ्याकडे जास्त बघायला लागतो. फ्रेम हुकली की तू म्हणतोस, अजून एकदा. दुसऱ्या वेळी तो पुढचं चाक आणखी वर उचलतो आणि जास्त लांबपर्यंत नेतो. ती व्हीली तुझ्या कॅमेऱ्यासाठी झालेली असते. तू आला नसतास तर त्या वेळी तो एखाद्या पानठेल्यावर गप्पा मारत बसला असता. मागच्या महिन्यात जो पडला, त्याचा सगळा दोष मी तुझ्यावर टाकत नाही. गाडी त्याने उचलली. पण तुझा वाटा त्यात आहे, आणि तो तू स्वतःशी कबूल करावास असं मला मनापासून वाटतं. ज्या कामात तुला जायचं आहे त्या कामाची रीत याच्या अगदी उलट आहे.

ट्रॅकवर रायडरच्या लेखी तू नसतोसच. कधीतरी सुपरक्रॉसच्या (उड्या असलेल्या मातीच्या ट्रॅकवरच्या रेसच्या) वळणापाशी, ट्रॅकची सुरक्षा बघणारा मार्शल दाखवेल त्या जागी उभा राहा आणि पहिल्या हीटमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या फेरीत, कॅमेरा डोळ्याला न लावता नुसतं बघ. उडीवरून गाडी खाली येते, पुढचे शॉकअप तळाला टेकतात, रायडर आतल्या बाजूचा पाय सरळ पुढे काढतो आणि गाडी त्या पायाच्या अंगाला झोपते. गाडी अजून वळायची असते, पण त्याचं डोकं वळणाच्या शेवटाकडे केव्हाच फिरलेलं असतं. पुढच्या गाडीच्या मागच्या चाकाने उडवलेली माती त्याच्या गॉगलवर येऊन बसते. या गॉगलवर पातळ पारदर्शक फिल्मचे थर चढवलेले असतात. वळण संपून सरळ पट्टा लागला की डावा हात क्षणभर हँडल सोडतो, एक फिल्म ओढून फेकतो आणि परत क्लचवर जातो. पापणी लवेपर्यंत होऊन जातं. तो हात, ती उडालेली फिल्म आणि तिच्यामागे स्वच्छ झालेले डोळे एका फ्रेममध्ये मिळाले, तर तसा फोटो रिंगरोडवर तुला जन्मात मिळणार नाही. कारण तिथला प्रत्येक पोरगा तुला दाखवत असतो, आणि हा माणूस फक्त पुढचं वळण बघत असतो.

डांबरी ट्रॅकवर बघण्यासारखं वेगळं असतं. ब्रेकिंगच्या जागी दोन बोटं लिव्हरवर येतात, पुढचा टायर जमिनीवर दबून पसरतो, मागचं चाक हलकं होऊन किंचित डोलतं. कंबर सीटवरून आतल्या बाजूला सरकते आणि मग गुडघा खाली येतो. नवा फोटोग्राफर गुडघा टेकण्याची वाट बघत बसतो. त्याच्या आधीचा क्षण मला जास्त भावतो, कारण रायडरने सगळं ठरवलेलं असतं आणि अजून काहीच झालेलं नसतं.

कुणाला ॲक्सिलरेटर जास्त पिळायला लावणारा फोटो काढायचा नाही, एवढं एक पाळ. ट्रॅकवर हे आपोआप पाळलं जातं. रस्त्यावर ते तुलाच पाळावं लागेल, त्यासाठी कामं सोडावी लागतील, थोडे पैसेही जातील.

ट्रॅक म्हणजे सुरक्षित असंही समजू नकोस. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेत १३ वर्षांचा एक मुलगा पडला आणि गेला. बेंगळुरूचा होता, फार गुणी होता. त्या शनिवार-रविवारच्या उरलेल्या शर्यती रद्द झाल्या. तिथे हेल्मेट होतं, लेदर सूट होता, मार्शल होते, डॉक्टर होते, समोरून ट्रक येण्याची भीती नव्हती. एवढं सगळं असून ही गत, तर जामठ्याकडून लोडेड ट्रेलर येत असताना चपलेवर आणि टी-शर्टवर व्हीली मारणाऱ्या पोराच्या बाजूने काय असतं, याचा विचार कर. ग्रुपमधल्या ज्याला खरोखर वेगाची भूक आहे त्याला हे सांग: चेन्नई आणि कोइम्बतूरच्या ट्रॅकवर रेसिंग स्कूल आणि ट्रॅक डे, म्हणजे हौशी लोकांना ट्रॅकवर गाडी चालवू देणारे दिवस, होतात, पैसे भरून रीतसर शिकता येतं. त्यातला एक जण जरी तयार झाला, तरी तू त्याच्यासोबत जा आणि त्याचेच फोटो काढ. दोघांचाही पहिला ट्रॅक होईल.

आता ती क्लिप. टाकू नकोस आणि ग्रुपवरही देऊ नकोस. ज्याचं हाड मोडलं त्याला भेटायला जा, क्लिप त्याच्याकडे दे, आणि ती कुठेही जाणार नाही असं त्याच्या घरच्यांसमोर सांग. पोलिसांनी मागितली तर लपवू नकोस, द्यायची. पडण्याचे फोटो काढूच नयेत असं माझं म्हणणं नाही. रेसमध्ये पडणं हा खेळाचा भाग आहे, आणि पडून उठलेला, धूळ झटकत गाडी उचलणारा रायडर हा मला या खेळातला सगळ्यात खरा फोटो वाटतो. पण तो उठला की नाही हे कळेपर्यंत कुठलाच फोटो बाहेर जात नाही. त्याच्या आईला मोबाइलवरून कळता कामा नये. हा नियम मी ज्यांच्याकडून काम शिकले त्यांनी घालून दिला आणि मी तो आजवर मोडलेला नाही. फॉलोअर्सचं म्हणशील, तर लोकांनी पडतानाची क्लिप बघितली म्हणून कुठल्या टीम मॅनेजरने कुणाला काम दिल्याचं मला माहीत नाही. उलट झालेलं मात्र बघितलं आहे.

हे मिटलं की तुझ्या हौसेबद्दल मोकळं बोलता येईल, आणि ती हौस मला आवडली.

गाडी विकू नकोस. तुझ्याकडे जे आहे ते लेन्सने विकत मिळत नाही. आवाजावरून गिअर कधी पडला ते तुला कळतं. पुढच्याने ब्रेक उशिरा मारला आहे आणि आता तो वळणाबाहेर फेकला जाणार, हे तुझ्या अंगाला डोळ्यांच्या आधी कळतं. रेसच्या फोटोत अर्धं काम अंदाजाचं असतं. बटण दाबायचं ठरल्यापासून शटर उघडेपर्यंत गाडी कितीतरी पुढे गेलेली असते, आणि ती कुठे असेल हे गाडी चालवणाऱ्याला जास्त बरोबर सांगता येतं. ६०० मिलिमीटरची लेन्स रेसपुरती भाड्याने मिळते. तुझ्या कॅमेऱ्याची बॉडी क्रॉप, म्हणजे लहान, सेन्सरची असेल तर ७०-२०० ची लेन्स सुद्धा दीडपट धरून ३०० पर्यंत जाते, आणि सुपरक्रॉसला त्याच्यावर काही लागत नाही. मोठ्या सर्किटला लांब लेन्स लागते खरी, कारण रनऑफमुळे, म्हणजे ट्रॅकबाहेर गेलेल्या गाडीसाठी सोडलेल्या मोकळ्या जागेमुळे, बॅरियर ट्रॅकपासून दूर असतात. पण तिथे जाण्याआधी पॅनिंग, म्हणजे गाडीसोबत कॅमेरा फिरवत फोटो काढणं, हातात बसू दे.

पॅनिंगबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण माझ्याकडे येणाऱ्या नव्या पोरांच्या फोटोंमध्ये एकच गोष्ट सारखी दिसते. १/२००० सेकंदाच्या शटरला काढलेला चकाचक फोटो, चाकाचा प्रत्येक स्पोक मोजता येतो, आणि गाडी ट्रॅकवर स्टँडला लावल्यासारखी उभी दिसते. ताशी १०० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. १/१००० सेकंदात ती तीनच सेंटिमीटर सरकते, म्हणून गोठते. १/१२५ ला ती २२ सेंटिमीटर सरकते. तेवढ्या वेळात तू कॅमेरा तिच्याच वेगाने फिरवलास तर रायडर धारदार राहतो, चाकं गरगरतात आणि मागचं सगळं रेघांमध्ये वाहून जातं. वेग दिसतो तो त्या रेघांमुळे.

याचा सराव करायला रेसची वाट बघायची गरज नाही. पहाटे सेमिनरी हिल्सला जा. तिथे सकाळी सायकलवाले येतात. सायकल ताशी २५ च्या वेगाने, म्हणजे सेकंदाला साधारण सात मीटर जाते. शटर १/३० वर ठेवलंस तर तेवढ्या वेळात सायकल २३ सेंटिमीटर सरकते. म्हणजे सारख्याच अंतरावरून शंभरच्या वेगातली गाडी १/१२५ ला काढताना फ्रेममध्ये जेवढी हालचाल असते, जवळपास तेवढीच. शिवाय १/३० ला शटर जास्त वेळ उघडं असल्याने हाताची थरथर लगेच पकडली जाते. तिथे जमलं तर ट्रॅकवर जमेल.

फुटपाथवर उभा राहा. पाय जिथे बटण दाबायचं त्या दिशेला रोव, आणि सायकल येते त्या बाजूला कंबरेतून मागे वळ. मग कंबर सुटत जाऊ दे आणि कॅमेरा तिच्यासोबत आणत राहा. बटण दाबून झाल्यावरही हात थांबवायचा नाही, सायकल निघून जाईपर्यंत फिरवत राहायचं. बहुतेकांचा फोटो शटरच्या आवाजासोबत हात थांबतो म्हणून हलतो. लेन्सला स्टॅबिलायझेशनचा पॅनिंगचा मोड असेल तर तो लाव, नाहीतर लेन्स तुझ्याविरुद्ध काम करेल. फोकस हेल्मेटवर, गाडीच्या टाकीवर नाही. दुपारी इतक्या हळू शटरला उजेड जास्त होतो, तेव्हा उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लागेल. सायकलवाल्यांना आधी हात करून सांग आणि चांगले फोटो त्यांना पाठव. ते तुझ्यासाठी वेग वाढवणार नाहीत, हेही त्यात चांगलं आहे. सुरुवातीला बहुतेक फ्रेम वाया जातील, तेव्हा कार्ड मोठं ठेव आणि घरी गेल्यावर निर्दयपणे उडव.

डर्ट रेसला धुळीचं भान ठेव. ट्रॅकजवळ लेन्स बदलायची नाही. बदलावीच लागली तर गाडीत बसून, काचा लावून, कॅमेऱ्याचं तोंड खाली करून. ब्लोअर खिशात असू दे. लेन्सवरची धूळ रुमालाने पुसलीस तर कोटिंगवर कायमच्या रेघा पडतील.

ऊन नागपूरच्या माणसाला नवीन नाही, पण लांब लेन्सला ते वेगळ्या तऱ्हेने नडतं. तापलेल्या डांबरावरची हवा थरथरते, आणि दुपारी ४०० मिलिमीटरच्या पुढे फोकस बरोबर असूनही फोटो पाण्याखालून काढल्यासारखा येतो. त्यावर कुठलीही महाग लेन्स चालत नाही. सकाळचा सराव आणि संध्याकाळची शेवटची शर्यत पकड, दुपारी पिटमध्ये, म्हणजे टीम गाड्या तयार करतात तिथे, जा. तिथे टायरवर गुंडाळलेले वॉर्मर असतात, मेकॅनिकचे काळे हात असतात, हेल्मेट घालण्याआधी डोळे मिटून बसलेला रायडर असतो. आणि पाणी पीत राहा. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली मोटोजीपी झाली. मार्को बेझेक्की जिंकला, होर्हे मार्टिन दुसरा आला, पण शर्यत संपल्यावर अंगातलं पाणी संपून मार्टिन पार गळून गेला होता. खेळाडूची ही अवस्था होते, मग जॅकेट घालून, दोन बॉडी गळ्यात अडकवून दिवसभर उन्हात उभ्या फोटोग्राफरचं काय सांगायचं.

नोकरी आत्ता सोडू नकोस. शर्यती बहुतेक शनिवार-रविवारच्या असतात, आणि नागपूरची जागा या बाबतीत फार सोयीची आहे हे तुझ्या लक्षात आलं आहे का? चेन्नई आणि दिल्ली दोन्ही इथून रेल्वेने साधारण अकराशे किलोमीटर. ग्रँड ट्रंक किंवा तामिळनाडू एक्स्प्रेसने चेन्नईला उतर. ट्रॅक तिथून पुढे श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला, ३.७ किलोमीटरचा. कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे त्याहून छोटा, २.१ किलोमीटरचा, आणि शिकणाऱ्याला छोटा ट्रॅक बरा, कारण रायडर लवकर लवकर परत समोर येतो. बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचं आहे, तिथे एका वळणावरून दुसऱ्यावर पायी जाण्यातच जीव जातो. डर्टसाठी पुणे आणि नाशिककडे लक्ष ठेव, महाराष्ट्रात त्या खेळाची मुळं तिथे आहेत. शुक्रवारी आणि सोमवारी रजा लागेल, ती आधीच मागून ठेव. क्वालिटीत आहेस म्हणजे शिस्त आणि नोंदी ठेवायची सवय आहे. रेसच्या कामात तिचा उपयोग तुला वाटतो त्यापेक्षा जास्त होईल.

पैसे कुठून येतात हे बाबांनी विचारलं आहे आणि प्रश्न रास्त आहे. मासिकं आता फार देत नाहीत. पैसे येतात टीमकडून, गाडी आणि टायर बनवणाऱ्या कंपन्यांकडून, आयोजकांकडून, आणि स्वतः रायडरकडून. ऐश्वर्या पिस्सेने २०१९ मध्ये बाहा (क्रॉस-कंट्री रॅली) विश्वचषकाच्या महिला गटात जेतेपद मिळवलं, हरित नोआ २०२४ च्या डकार या वाळवंटातल्या लांब पल्ल्याच्या रॅलीत रॅली-२ गटात पहिला आला. इथवर पोहोचायला रायडरला प्रायोजक लागतात. प्रायोजकाला फोटोत लोगो वाचता यावा लागतो, आणि शर्यत संपून तास व्हायच्या आत तो फोटो हातात हवा असतो. दुसऱ्या दिवशी दिलेला अप्रतिम फोटो त्याच्या काही कामाचा नसतो. म्हणून लॅपटॉप पिटमध्येच उघडायचा, नावं आणि नंबर तिथेच टाकायचे. नवे रायडर, ट्रॅक डेला येणारे हौशी लोक, हे तुझे पहिले ग्राहक असतील. त्यांना स्वतःचा बरा फोटो कुणी काढून दिलेला नसतो आणि ते आनंदाने पैसे देतात.

काम घेताना कागद कर, मग ते साधं ईमेल का असेना. आपल्या कॉपीराइट कायद्यात एक गोष्ट पुष्कळ फोटोग्राफरांना उशिरा कळते. कुणी मोबदला देऊन तुझ्याकडून फोटो काढून घेतला आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक काम देणारा असतो, तू नाहीस. फोटो कुठे, किती काळ वापरायचे, आणि तुला स्वतःच्या कामाच्या नमुन्यात दाखवता येतील का, हे आधी लिहून घे. कॅमेऱ्याचा विमा काढ. पूर्ण मोसमाचं ठरलेलं काम हातात आलं, त्यातून प्रवास आणि भाडं वजा जाता घरखर्च निघतो असं वहीत दिसलं, आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडला, की मग राजीनाम्याचा विषय काढ. त्याआधी काढलास तर पैशासाठी पुन्हा रिंगरोडवर उभा राहशील, आणि मला भीती त्याचीच आहे.

ती वही बाबांना दाखव. लेन्सचं भाडं, तिकीट, जेवण, आणि रायडरने दिलेले पैसे, सगळं एका पानावर. पहिली काही पानं तोट्याची असतील, तीही दाखव. बाबांना तुझ्या आवडीचा राग नाही असं मला पत्रावरून वाटतं. हिशोब दिसत नाही म्हणून ते घाबरले आहेत. आईची गोष्ट वेगळी, तिला हिशोबाने झोप लागणार नाही. तिची भीती खोटी आहे असं सांगायला जाऊ नकोस, कारण ती खोटी नाही. २०१५ मध्ये डकार पूर्ण करणारा पहिला भारतीय सी. एस. संतोष २०२१ च्या डकारमध्ये पडला, डोक्याला मार लागला, डॉक्टरांना त्याला औषधांनी बेशुद्ध ठेवावं लागलं. एवढ्या तयारीच्या माणसाचं हे होतं. आईला एवढं सांग की रात्रीचं शूट बंद केलं आहे. चांगलं हेल्मेट आणि अंगावर नीट बसणारं रायडिंग जॅकेट घे, आणि घरातून निघताना ते घालून तिच्यासमोरून जा. रविवारी देवलापारला पोहोचलास की तर्री पोह्यांची प्लेट मागवण्याआधी तिला फोन कर.

शेवटचा प्रश्न पासचा. मीडिया पास आयोजक देतात. राष्ट्रीय स्पर्धा एफएमएससीआय, म्हणजे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, यांच्या नियमांखाली होतात, आणि ट्रॅकच्या आतल्या बाजूला कोण उभं राहणार यावर बारीक लक्ष असतं. पहिल्या वेळी आतला पास मिळेलच असं नाही. तिकीट काढून प्रेक्षकांतून काढलेले फोटो जोडून पुढच्या वेळी अर्ज कर. अर्जात दहा फोटो पुरेत, त्यात सायकलवाल्यांचे दोन असले तरी चालतील. रिंगरोडचा एकही नको. रायडर आहेस हे जरूर लिही. पिवळा झेंडा म्हणजे काय, लाल म्हणजे काय, वळणाच्या बाहेरच्या बाजूला का उभं राहायचं नाही, येणाऱ्या गाड्यांकडे पाठ का करायची नाही, हे तुला माहीत आहे असं अर्ज वाचणाऱ्याला त्यातून कळतं. मार्शलने 'मागे हो' म्हटलं तर तू कारण न विचारता मागे होशील, असंही एक वाक्य घाल. माझ्यासमोर असा अर्ज आला तर मी तो बाजूला काढून ठेवेन.

ताई